जशी आहे तशी, जेथे आहे तेथे

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदा आणि हरवलेल्या कागदपत्रांच्या गर्दीत, अधूनमधून एक चौकट येते. कर थकल्यामुळे प्रादेशिक परिवहन कार्यालयाने अटकावून ठेवलेल्या वाहनांचा ई-लिलाव, पोलीस ठाण्याच्या आवारातल्या बेवारस वाहनांचा लिलाव, एखाद्या सरकारी खात्याच्या निर्लेखित जीपचा लिलाव. मजकूर काहीही असो, खाली एक अट हमखास असते : वाहने ‘जशी आहेत तशी, जेथे आहेत तेथे’ विकली जातील. बँका आणि फायनान्स कंपन्या आपल्या लिलावात हीच अट इंग्रजीतून घालतात. वाचणारा गाडीचं मॉडेल बघतो, साल बघतो, सुरुवातीची किंमत बघून चमकतो आणि ही ओळ सोडून पुढे जातो.

सगळा व्यवहार खरं तर त्या ओळीतच आहे. गाडीबद्दल आम्ही काहीही सांगत नाही, पुढे काहीही निघालं तरी आमच्याकडे येऊ नका, आणि इथून ती कशी न्यायची तेही तुमचं तुम्ही बघा, असं विकणारा स्वच्छ सांगतो आहे. लिलावात गाडी स्वस्त मिळते ही अफवा नाही. पण ती स्वस्त असते, कारण विकणाऱ्याने आपल्या अंगावरचा धोका काढून घेणाऱ्याच्या अंगावर टाकलेला असतो. त्या धोक्याची किंमत कोणीतरी आकडेमोड करून वजा केलेली असते. ती तुम्ही केली की शेजारी बोली लावणाऱ्या डीलरने केली, एवढाच प्रश्न असतो. या प्रकरणात जे धोके सांगणार आहे ते बहुतेक याच प्रश्नापाशी येऊन थांबतात.

लिलावातली गाडी बघण्याआधी तिचं गोत्र बघावं. ती आली कुठून?

सगळ्यात मोठा भरणा असतो ‘ओढलेल्या’ गाड्यांचा. हप्ते थकले, नोटिसा गेल्या, वसुलीवाल्यांनी गाडी ताब्यात घेतली आणि यार्डात आणून उभी केली. बँकेचा माणूस ती गाडी कधी चालवत नाही. त्याला ठाऊक असते ती कर्जाची बाकी आणि मूल्यांकन करणाऱ्याने दोन पानांत लिहून दिलेला आकडा. त्यामुळे ‘बँकेची गाडी आहे, म्हणजे फसवणूक नाही’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. बँक फसवत नाही, पण बँकेला गाडीबद्दल काही माहीतही नसतं. तुम्हाला सांगण्यासारखं तिच्याकडे काही नसतंच.

आता त्या कर्जदाराच्या बाजूने विचार करा. ज्याच्याकडे हप्त्याला पैसे नाहीत, तो इंजिन ऑइल बदलायला पैसे कुठून आणणार? गाडी ओढली जाण्याआधीचे काही महिने तिची सर्व्हिसिंग चुकलेली असते, ब्रेक पॅड घासून गेलेले असतात, कूलंटऐवजी साधं पाणी भरलेलं असतं. गाडी जाणारच असं दिसू लागलं की काही जण चांगले टायर, नवी बॅटरी, म्युझिक सिस्टिम काढून जुनं काहीतरी बसवतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, पण तुम्हाला ती गाडी मिळते ती अशी. टूरिस्ट परमिटवर धावलेली असेल तर आणखीच वेगळी गोष्ट. तीन वर्षांच्या टॅक्सीने खासगी गाडीचं दहा वर्षांचं आयुष्य संपवलेलं असू शकतं, आणि मीटरवरच्या आकड्याची हमी लिलावात कोणीच देत नाही.

मग यार्ड. भिवंडी, पनवेलच्या बाजूला महामार्गालगत पत्र्याचं कुंपण घातलेली मोठी मोकळी आवारं दिसतात, तिथे एका रांगेत शंभरेक गाड्या धूळ खात उभ्या असतात. एक पावसाळा जरी तिथे निघाला तरी ब्रेक डिस्कवर गंज चढतो, टायर एकाच जागी बसून चपटे होतात, बॅटरी मरते. उंदरांना बॉनेटखालची ऊब आणि वायरींवरचं आवरण दोन्ही आवडतं. पाहणीसाठी ठरलेला वेळ असतो. चावी असेलच असं नाही. असली तर वॉचमन उसन्या बॅटरीने एकदा इंजिन चालू करून दाखवतो, पण गाडी फाटकाबाहेर काढता येत नाही. म्हणजे क्लच दाबून गिअर पडतात का एवढं कळतं. तिसऱ्या गिअरला गाडी ओढते का, ब्रेक मारल्यावर एका बाजूला जाते का, तापल्यावर धूर मारते का, हे कळत नाही. नेहमीच्या जुन्या गाडीच्या खरेदीत आपण निदान दहा किलोमीटरची चक्कर मारतो. इथे ती चक्कर पैसे भरल्यावर.

अशा मर्यादेतही पाहणारा बरंच पाहतो, आणि डीलरची नजर नेमकी इथे कामाला येते. तो रंगाकडे बघतच नाही. बॉनेट उघडून त्याच्या बिजागऱ्यांचे बोल्ट बघतो. पाना लागलेल्या बोल्टच्या कडांवरचा रंग उडालेला असतो. हेडलाइटच्या मागचा ॲप्रनचा पत्रा बघतो, कंपनीच्या वेल्डिंगचे गोल ठिपके सारख्या अंतरावर आहेत का, की मध्येच हाताने केलेल्या वेल्डिंगचा ओबडधोबड पट्टा आहे. दाराचं रबर ओढून पिलरचा पत्रा बघतो. पत्र्यावर बोट वाजवून आतली लांबी ओळखतो. जिथे लांबी जास्त भरलेली असते तिथे आवाज बद्द येतो. पुढच्या बंपरचा धक्का कोणीही माफ करतं. पिलर किंवा चासी वाकून सरळ केलेली गाडी मात्र तो फुकटही घेत नाही, कारण ती पुढच्या गिऱ्हाइकाला विकताना पकडली जाणार हे त्याला माहीत असतं.

दुसऱ्या गोत्राच्या गाड्या विमा कंपन्यांकडून येतात, आणि खरा चकवा यांच्यात आहे. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा उतरवलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त जाणार असेल तर ती ‘टोटल लॉस’ धरली जाते. मालकाला भरपाई मिळते आणि उरलेला सांगाडा लिलावात जातो. हे सांगाडे ‘विथ आरसी’ किंवा ‘विदाउट आरसी’, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रासह किंवा त्याविना, विकले जातात. आरसीशिवायचा सांगाडा सुट्या भागांसाठी, म्हणून स्वस्त. आरसीसकटचा महाग, आणि तो इतका महाग का जातो हे कळलं की या धंद्याची काळी बाजू कळते.

आधी पाण्याच्या गाड्या. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि मुंबईच्या तळमजल्यांवर, तळघरांत उभ्या असलेल्या गाड्या छतापर्यंत बुडाल्या. २०१५ च्या डिसेंबरात चेन्नई, २०१८ च्या ऑगस्टमध्ये केरळ, २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगली, २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण. प्रत्येक महापुरानंतर टोटल लॉसच्या गाड्यांची लाट लिलावात येते आणि ती त्याच गावात थांबत नाही. चेन्नईत बुडालेली गाडी धुऊनपुसून, सीटकव्हर बदलून, आतून अत्तराचा फवारा मारून हजार किलोमीटरवर विकायला उभी राहू शकते. तिथे पूर आला होता हे घेणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसतं.

पाण्याने गाडीचं नेमकं काय बिघडतं? चालू इंजिनाने पाणी ओढलं तर ते सिलिंडरमध्ये जातं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हे नुकसान मोठं असलं तरी प्रामाणिक आहे, कारण ते लगेच दिसतं. उभ्या गाडीत शिरलेलं पाणी जास्त कपटी. आजच्या गाडीत वायरिंगचे जाड गठ्ठे पायाखालच्या गालिच्याच्या खालून जातात आणि एअरबॅगचं नियंत्रण करणारी पेटी बहुधा दोन सीटच्या मधल्या भागात, जवळजवळ जमिनीलगत असते. गाळाचं पाणी कनेक्टरमध्ये शिरतं, तांब्यावर हिरवट थर धरतो, आणि गाडी तीन-चार महिने सुरळीत चालल्यावर एक दिवस काच खाली जात नाही, मग मीटर बंद पडतो, मग गाडी रस्त्यातच थांबते. मेकॅनिक एक सेन्सर बदलतो, दोन बदलतो, बिल वाढत जातं, दोष सापडत नाही. एअरबॅगची पेटी सडली असेल तर ते मात्र अपघात होईपर्यंत कळतही नाही.

या गाड्या ओळखायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे सीट बेल्ट. पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढायचा. वरचा भाग धुतलेला असतो. गुंडाळीच्या आत राहिलेल्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रेघ सापडते. मग सीटखालची पटरी आणि तिचे स्क्रू. चार वर्षांच्या गाडीत तिथे गंज येण्याचं कारण नसतं. डिकीतली स्टेपनी उचलून खालचा खड्डा बघावा. पूर्ण गाडी खोलल्याशिवाय गाळ शंभर टक्के निघत नाही, आणि एवढी मेहनत विकण्यासाठी कोणी घेत नाही.

अमेरिकेत अशा गाडीच्या मालकी कागदावरच ‘साल्व्हेज’ असा शेरा पडतो. जपानमध्ये मोठ्या लिलावगृहांचा तपासनीस प्रत्येक गाडीचा नकाशा काढून त्यावर ओरखडा न् ओरखडा टिपतो आणि चासीला धक्का लागून दुरुस्त झालेल्या गाडीला ‘आर’ हा वेगळा दर्जा देतो. तिथली गाडी परदेशातला माणूस न पाहता घेतो ती त्या एका कागदाच्या भरवशावर. आपल्या आरसीवर टोटल लॉसचा शिक्का मारण्याची पद्धत नाही. माझ्या मते आपल्या जुन्या गाड्यांच्या बाजारातली सगळ्यात मोठी उणीव हीच आहे. हा एक शेरा आला तर या प्रकरणातली चार पानं तरी कमी होतील.

आता आरसीसकटच्या सांगाड्याकडे. दुरुस्त होण्यापलीकडे गेलेली गाडी तिच्या कागदांसह चढ्या भावाने कोण घेतं? त्यातले काही खरोखर गाडी उभी करणारे गॅरेजवाले असतात. काहींना मात्र हवी असते फक्त आरसी आणि चासीवरचा नंबर. त्याच मॉडेलची, त्याच रंगाची गाडी कुठून तरी चोरायची, तिचा चासी नंबर घासून त्यावर सांगाड्याचा नंबर ठोकायचा, की चोरीची गाडी कागदोपत्री साजूक झाली. नंबर प्लेट खरी, आरसी खरी, आरटीओच्या संगणकात नोंद खरी. खोटी असते ती फक्त समोर उभी असलेली गाडी. अशा टोळ्या पोलिसांनी उत्तरेत अनेकदा पकडल्या आहेत, आणि २०२१ मध्ये नवी मुंबई पोलिसांनी भंगारात जायच्या, बीएस-४ या जुन्या प्रदूषण निकषाच्या गाड्यांचे नंबर बदलून विकणाऱ्यांना पकडलं, तेव्हा हा उद्योग आपल्या दारात आहे हेही दिसलं. १ एप्रिल २०२० नंतर बीएस-४ गाड्या विकायला आणि नोंदवायला सर्वोच्च न्यायालयाने मनाई केली होती.

म्हणून चासी नंबर वाचायचा नसतो, चाचपायचा असतो. आरटीओतल्या एजंटांची जुनी पद्धत इथे कामाला येते : नंबरवर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासायची, की प्रिंट उठते. सतरा अक्षर-अंकांचा हा नंबर कारखान्यात एकाच यंत्राने, एकाच खोलीवर उमटलेला असतो. प्रिंटमध्ये एखादा अंक ओळीतून वर गेलेला, एखादा जास्त खोल, भोवतीचा पत्रा घासल्यासारखा पातळ किंवा नुकताच रंगवलेला दिसला तर बोली लावू नये. एक बारीक खूण अशी की या नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्याशी गोंधळतात. ठोकणाऱ्यांना हे नेहमी ठाऊक असतंच असं नाही. चासीवरचा नंबर, काचेवर कोरलेला नंबर आणि आरसीवरचा नंबर तिन्ही जुळवून बघावेत, आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेत गाडी चोरीची नोंदलेली आहे का ते तपासावं. चोरीची निघाली तर कायदा तुमच्या बाजूने फारसा उभा राहत नाही. विकणाऱ्याकडे जी मालकी नव्हती ती घेणाऱ्याला मिळत नाही, हे १९३० च्या वस्तू विक्री कायद्याचं मूळ सूत्र आहे. गाडी मूळ मालकाकडे किंवा त्याच्या विमा कंपनीकडे जाते. तुमच्याकडे उरतो तो पोलिसांना जबाब देण्याचा सोपस्कार.

पत्रा तपासता येतो, कागद तपासायला मात्र चिकाटी लागते. ओढलेल्या गाडीची आरसी बहुतेक वेळा कर्जदाराकडेच राहिलेली असते आणि रागाने म्हणा, आशेने म्हणा, तो ती देत नाही. अशा वेळी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ प्रमाणे बँक फॉर्म ३६ भरून आपल्या नावावर नवी आरसी मागते, आरटीओ मूळ मालकाला नोटीस पाठवतो, त्याचं म्हणणं ऐकण्याची मुदत जाते, मग ती निघते. त्यानंतर बँकेचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणि तुमच्या नावावर बदलाचे फॉर्म २९ आणि ३०. लिलावाच्या अटींमध्ये ‘कागदपत्रे यथावकाश’ अशा अर्थाचं काहीतरी लिहिलेलं असतं आणि हा अवकाश महिन्यांत मोजावा लागतो. मधल्या काळात कर्जदाराने ‘गाडी बळजबरीने नेली’ म्हणून दाद मागितली तर सगळं आणखी लांबतं. त्याची तक्रार पोकळच असेल असं नाही; वसुलीसाठी दांडगाई करणाऱ्या बँकांना सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच फटकारलं होतं.

या मधल्या काळात गाडी तुमच्या दारात, नाव दुसऱ्याचं. चालवली आणि अपघात झाला तर काय? २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितलं की भरपाईसाठी मालक तोच, ज्याचं नाव नोंदीवर आहे. म्हणजे नोटीस त्या बिचाऱ्या कर्जदाराला आधी जाईल, तो तुमचं नाव सांगेल, आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा तुमचा दावा विमा कंपनी नावबदल न झाल्याचं कारण देऊन परत पाठवेल. थकलेली ई-चलनं, टॅक्सीचा राहिलेला कर, आरटीओच्या नोंदीतला ‘ब्लॅकलिस्ट’ शेरा, हे सगळं परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून आधी बघता येतं. ते न बघता बोली लावणाऱ्याबद्दल मला सहानुभूती वाटत नाही.

परराज्यातल्या पासिंगची गाडी हा एक वेगळाच मोह. दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर असलेली बंदी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली, तेव्हापासून तिकडच्या धष्टपुष्ट डिझेल गाड्या डोळे दिपवणाऱ्या भावात दिसू लागल्या. पण तिथल्या आरटीओचं ना-हरकत पत्र हवं, आणि वर्षभराच्या आत इथे नवा नंबर घेताना महाराष्ट्राचा एकरकमी कर भरावा लागतो. मोठी गाडी असेल तर वाचलेले पैसे तिथेच जमा होतात.

सरकारी गाड्यांचं थोडक्यात. सरकारी लिलावात घेतलेल्या गाडीचा मार्ग उलट सोपा असतो. मोटार वाहन नियमांत त्यासाठी स्वतंत्र फॉर्म ३२ आहे आणि विक्री मंजूर केल्याच्या आदेशावर नावबदल होतो, जुन्या मालकाची सही लागत नाही. अनेक जण हीच सवलत बँकेच्या लिलावालाही आहे असं समजतात, ती नाही. दुसरीकडे, १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी वाहनांच्या नोंदणीचं नूतनीकरण बंद झालं आहे आणि ती भंगार केंद्रांकडेच जातात. तहसीलदारांची जुनी जीप लिलावात घेऊन शेतावर फिरवायची, ती हौस आता संपली.

इतकं सगळं तपासून गाडी निर्दोष निघाली असं धरू. तरीही एक धोका राहतो, आणि तो गाडीत नसून बोलीत असतो.

१९७१ मध्ये अमेरिकेतल्या एका तेल कंपनीच्या केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तीन अभियंत्यांनी एक कोडं मांडलं. मेक्सिकोच्या आखातातले तेलपट्टे लिलावात घेणाऱ्या कंपन्यांना अपेक्षेइतका नफा का होत नाही? त्यांचं उत्तर साधं होतं. जमिनीखाली तेल किती हे कोणालाच नक्की माहीत नसतं, प्रत्येक जण अंदाज करतो. कोणाचा अंदाज कमी, कोणाचा जास्त. लिलाव जिंकतो तो सगळ्यात जास्त अंदाज करणारा, म्हणजे बहुधा सगळ्यात जास्त चुकलेला. याला पुढे ‘विजेत्याचा शाप’ असं नाव पडलं. १९८३ मध्ये बेझरमन आणि सॅम्युएल्सन या दोघांनी बॉस्टन विद्यापीठात नाणी वगैरेंनी भरलेल्या बरण्या विद्यार्थ्यांसमोर ठेवून त्यांचा लिलाव केला. प्रत्येक बरणीत आठ डॉलरचा ऐवज होता. विद्यार्थ्यांच्या अंदाजाची सरासरी आली ५.१३ डॉलर, म्हणजे वर्ग एकूण सावधच होता. पण जिंकलेल्या बोलींची सरासरी होती १०.०१ डॉलर. वर्ग सावध असून जिंकणारा मात्र नुकसानीत.

आता बरणीच्या जागी यार्डातली गाडी ठेवा आणि विद्यार्थ्यांच्या जागी दहा डीलर आणि तुम्ही. डीलर रोज हेच करतो. त्याला कुठला डाग किती हजारांचा हे तोंडपाठ आहे, त्याचा मेकॅनिक घरचा आहे, आणि त्याला गाडी विकून वर नफा हवा आहे, म्हणून तो एका आकड्यावर थांबतो. तो थांबल्यावर तुम्ही पाच हजार वाढवता आणि गाडी तुमची होते. तेवढ्यापुरतं वाटतं, नफ्याची हाव नाही म्हणून आपल्याला परवडलं. कधीकधी ते खरंही असतं. पण डीलर नफ्याच्या हिशेबाने थांबला, की सीट बेल्ट ओढून बघितला म्हणून थांबला, हे तुम्हाला पडद्यावरच्या आकड्यातून कळत नाही. जॉर्ज ॲकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने जुन्या गाड्यांच्याच बाजारावर १९७० मध्ये निबंध लिहिला होता : एका बाजूला माहिती आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही, अशा बाजारात वाईट माल चांगल्या मालाला हुसकावून लावतो. तीन नियतकालिकांनी तो निबंध परत केला होता. २००१ मध्ये ॲकरलॉफला नोबेल मिळालं. फक्त ॲकरलॉफच्या बाजारात माहिती विकणाऱ्याकडे होती. बँकेच्या लिलावात ती तुमच्या शेजारच्या बोलीवाल्याकडे असते.

त्यातून ऑनलाइन लिलावाची रचनाच हात सैल करायला लावणारी. शेवटच्या मिनिटात बोली आली की घड्याळ पुढे ढकललं जातं, पुन्हा कोणीतरी दोन हजार वाढवतं, पुन्हा घड्याळ. वीस मिनिटांपूर्वी कागदावर लिहिलेला आकडा माणूस विसरतो. आणि जिंकल्यावरही गाडी लगेच तुमची होत नाही. बोली बँकेच्या मंजुरीला जाते. बँक नाही म्हणू शकते, तुम्ही मात्र माघार घेतलीत तर अनामत जप्त. हातोडा पडेपर्यंत बोली मागे घेता येते असं वस्तू विक्री कायद्याचं कलम ६४ म्हणतं, पण नोंदणी करताना न वाचता मान्य केलेल्या अटी बहुधा तुमची ही वाट आधीच बंद करतात. त्याच कलमात असंही आहे की किंमत फुगवण्यासाठी विकणाऱ्याने खोटी बोली लावली तर घेणाऱ्याला व्यवहार मोडता येतो. पडद्यामागची बोली खोटी होती हे सिद्ध कसं करायचं, याबद्दल कायदा मदत करत नाही.

आकडे मांडून बघू. हे नमुन्याचे आहेत, गावोगावी बदलतील. बाजारात चार लाखांना मिळणारी गाडी तुम्ही लिलावात ३,२०,००० ला घेतली. लिलाव कंपनीची फी दहा हजार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी मिळून ११,८००. यार्डाचं भाडं ५,०००. टोइंग ६,०००. बॅटरी ५,०००. चार टायर १८,०००. सर्व्हिसिंग, ब्रेक, एसीचा गॅस १५,०००. नावबदल आणि एजंट १०,०००. एकूण ३,९०,८००. वाचले ९,२००, तेही इंजिन आणि गिअरबॉक्सने दगा दिला नाही तर. आणि बँकेच्या कर्जाची सोय बहुधा नसल्याने ही रक्कम काही दिवसांत रोख उभी करावी लागते.

फसलात तर ग्राहक आयोग आहेच, या भरवशावर राहू नये. चंडीगडच्या भूखंडांच्या लिलावाबाबत २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असं म्हटलं की जाहीर लिलावात, आहे त्या स्थितीतला भूखंड पाहून घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही. गाडी आणि भूखंड एक नव्हेत, पण समोरचा वकील हा निकाल पहिल्याच तारखेला काढणार.

तेव्हा लिलाव कोणासाठी? ज्याचं स्वतःचं गॅरेज आहे किंवा ज्याचा भाऊ-मेहुणा खात्रीचा मेकॅनिक आहे, ज्याच्याकडे दुसरी गाडी आहे, आणि कागद यायला सहा महिने लागले तरी ज्याचं काही अडत नाही, त्याने खुशाल जावं; अशांना खरोखर चांगल्या गाड्या मिळतात. घरातली पहिली आणि एकुलती एक गाडी, मुलांना शाळेत सोडायला, आईला दवाखान्यात न्यायला हवी असेल, तर ओळखीच्या माणसाची, सर्व्हिस बुक असलेली गाडी पन्नास हजार जास्त देऊन घ्या. आणि एवढं सांगूनही लिलावात गेलातच, तर आरसी तुमच्या नावावर होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका आणि तिच्या रंगरंगोटीवर एक रुपयाही खर्च करू नका.